तळ्याकाठच्या उद्यानात जाताय? आधी काठ ठरवा

तळ्याकाठच्या उद्यानात पहिल्यांदा जाणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं. फाटकातून आत शिरायचं आणि समोर जिथे पाणी दिसेल तिथे चटई अंथरायची. मीही तेच करायचो. एकदा सूर्यास्त बघायला म्हणून आम्ही चांगलं तासभर आधी जाऊन मोक्याची जागा धरली, थर्मास उघडला, गप्पा रंगल्या, आणि सूर्य आमच्या पाठीमागच्या झाडांत गुपचूप मावळून गेला. पलीकडच्या काठावरची माणसं मात्र आमच्याकडे तोंड करून, मोबाइल उंच धरून उभी होती. फोटो अर्थातच आमचे नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली. आधी काठ, मग वेळ, मग बाकीचं सगळं. पहिल्यांदाच जाणार असाल तर याच क्रमाने ठरवत चला, अर्धा तास पुरतो.

१. घरीच नकाशा उघडा

मोबाइलवरच्या नकाशात उद्यान शोधा आणि उपग्रहाचं चित्र लावा. बघायच्या गोष्टी चारच: उत्तर कुठे, फाटकं कुठे, मोठी झाडं कोणत्या काठाला, आणि तळ्याची एखादी कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे का.

सरळ कड कशाला बघायची? कारण उद्यानांतली बरीचशी तळी माणसाने केलेली असतात. लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळंसुद्धा १७३०च्या सुमारास वेस्टबोर्न नावाच्या लहानशा नदीला बांध घालून केलेलं आहे. अशा तळ्यात ओढा जिकडून आत येतो ती बाजू उथळ आणि गाळाची असते, आणि बांधाला लागून पाणी सगळ्यात खोल. ती सरळ कड म्हणजे बहुधा बांधच. तिथून फिरायला छान वाटतं, वाराही भरपूर, पण लहान पोरांना घेऊन बसायची ती जागा नव्हे. पक्षी बघायचे असतील तर बांधाच्या विरुद्ध टोकाला जा. गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे टिपणाऱ्या बगळ्यांना तोच भाग मानवतो.

नकाशावर अंतर मोजायची सोय असते, तीही वापरा. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो आणि ‘चला, एक फेरी मारून येऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. आरपार १ किलोमीटर असलेल्या गोल तळ्याची फेरी ३ किलोमीटरच्या वर जाते. काठाला खाचाखोचा असल्या तर आणखी जास्त. धडधाकट माणूस तासाला ४-५ किलोमीटर चालतो, म्हणजे पाऊण तास कुठे गेला नाही. बरोबर सहा वर्षांचं पोर असेल तर दुप्पट धरा, आणि शेवटचा टप्पा ते तुमच्या खांद्यावरून करणार हेही धरा. मुख्य म्हणजे फेरी अर्ध्यावर सोडता येत नाही. मधोमध पाय दुखायला लागले तरी पुढे आणि मागे अंतर तेवढंच.

२. आता काठ निवडा

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सूर्यास्त पाण्यावर बघायचा असेल तर पूर्वेच्या काठावर बसायचं, म्हणजे तोंड पश्चिमेला होतं आणि मध्ये तळं येतं. सूर्योदयाला याच्या बरोबर उलट, पश्चिमेचा काठ. वाचताना हे इतकं उघड वाटतं की हसू यावं. पण फाटक पश्चिमेला असलं की आपण पश्चिमेलाच बसतो, हा स्वानुभव.

सकाळी पक्षी बघायचे किंवा फोटो काढायचे असतील तर मात्र पूर्वेचाच काठ बरा, कारण ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या बदकाचं पीस न् पीस उजळून निघतं. पश्चिमेच्या काठावरून बघाल तर तेच बदक चमचमत्या पाण्यावरचा एक काळा ठिपका.

दुपारी पारडं फिरतं. सूर्य पश्चिमेकडे कलला की पूर्वेच्या काठावर सावलीला काहीच आडोसा उरत नाही. ऊन पाण्यावरून सरळ तोंडावर येतं आणि पाण्याची लखलख डोळ्यांत जाते. पश्चिमेच्या काठावर झाडं असतील तर ती तुमच्या पाठीशी असतात आणि त्यांची सावली पाण्याच्या दिशेने, म्हणजे तुमच्या अंगावर पडते. जसजसा सूर्य खाली जाईल तसतशी ती लांबत जाते. दुपारी तीनला जिथे सावलीचा तुकडा आहे तिथे पाच वाजता अख्खी चटई सावलीत असते. पूर्वेच्या काठावर त्याच वेळी चटई ओढत ओढत तुम्ही झाडाच्या पार मागे, पाण्यापासून लांब गेलेले असता.

तेव्हा दिवसभर जाणार असाल तर दुपार पश्चिमेला काढा आणि सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पूर्वेला निघा. वर मोजलेलं अंतर इथे कामाला येतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हवामानाच्या अंदाजात वारा कुठून येणार ते दिलेलं असतं. ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. तो पाण्यावरून वाहत पूर्वेच्या काठाला लागतो, म्हणजे गार झुळूक पूर्वेकडे. डास उडण्यात तसे कच्चे असतात, वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही, त्यामुळे वारा लागणाऱ्या काठावर त्यांचा त्रास कमी. पण त्याच वाऱ्याबरोबर तळ्यातला पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि शेवाळाचा तवंगही त्याच काठाला येऊन साचतो. डास हवेत की घाण, असा तो व्यवहार आहे. मी संध्याकाळी वाऱ्याचा काठ घेतो आणि पाण्यापासून पंधरा-वीस पावलं मागे बसतो.

तळं मोठं असेल तर अंदाजात नसलेला एक वाराही भेटतो. दिवस चढला की जमीन पाण्याच्या आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी पाण्यावरची गार हवा काठाकडे सरकते. सकाळी पान हलत नव्हतं म्हणून कागदी ताटल्या आणल्या आणि दुपारी त्या गोळा करत पळालो, असं झालं की समजा, हाच तो वारा.

३. वेळ

गर्दी टाळायची तर कामाच्या दिवशी सकाळी, हे सांगायला माझी गरज नाही. सुट्टीच्याच दिवशी जायचं असेल तर फाटक उघडायच्या वेळेला हजर राहा. गाडी लावायला जागा मिळते, बाकं रिकामी असतात आणि स्वच्छतागृहं नुकतीच धुतलेली असतात. तिसरा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

सगळ्यात कठीण वेळ भर दुपारची. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे असं समजा आणि झाडाखाली जा. ‘पाण्यावरून ऊन परावर्तित होतं म्हणून तळ्याकाठी कातडी भाजते’ असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात पाणी अतिनील किरणांपैकी १० टक्क्यांहूनही कमी परत फेकतं. भाजतं ते डोक्यावरच्या उघड्या आभाळामुळे, आणि भाजतंय हे कळत नाही ते गार वाऱ्यामुळे. घाम येत नाही म्हणून टोपी पिशवीतच राहते आणि संध्याकाळी मान लाल.

४. एक फोन करा

उद्यानाच्या चौकशी क्रमांकावर फोन करून एवढं विचारा: त्या दिवशी कोणती फाटकं उघडी आहेत, बोटीचं शेवटचं तिकीट किती वाजता मिळतं, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, पाण्यात उतरायला परवानगी आहे का. कुत्रा, सायकल, ड्रोन यांपैकी काही नेणार असाल तर त्याचंही.

‘शेवटचं तिकीट’ हा शब्द मुद्दाम वापरा. ‘बोटिंग कधीपर्यंत असतं?’ असं विचारलं की बंद व्हायची वेळ सांगतात, खिडकी मात्र त्याच्या बरीच आधी बंद होते. माझ्या भाचीला मी आठवडाभर बोटीचं आमिष दाखवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बोटी समोर पाण्यात तरंगत होत्या, त्यांत लोक बसलेले होते, आणि खिडकीवर पुठ्ठ्याची पाटी उलटी लावलेली. “मामा, तू विचारलं नव्हतंस का?” एवढंच ती म्हणाली. परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही.

म्हातारी माणसं किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर ‘रस्ता सपाट आहे का’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. पायऱ्या किती, उतार कुठे, फरसबंदी आहे की खडी, असं नेमकं विचारा. खुर्चीच्या उतारासाठी सर्रास धरलं जाणारं प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार. त्याहून खडा असला तर ढकलणाऱ्याचा कस लागतो. खडीवर चाक रुततं ते वेगळंच. आईला नेताना मी नकाशावर फाटक ते पहिलं बाक हे अंतर बघतो. पाणी पहिल्या बाकावरून दिसत असेल तर अर्धं काम झालं.

५. पिशवी

थोडक्यात सांगतो. प्यायचं पाणी वाटतं त्याच्या दीडपट. टोपी. खाली प्लॅस्टिकचा थर असलेली चटई, कारण काठाजवळची हिरवळ वरून कोरडी आणि खालून ओली असते. डासांचं मलम. कपड्यांचा एक जादा जोड, मुलांसाठी दोन. मोबाइलला झिप असलेली पारदर्शक पिशवी. कचऱ्यासाठी रिकामी थैली, कारण कचराकुंडी हवी तिथे कधीच नसते. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर अंगावर घ्यायला काहीतरी, सूर्य गेला की काठावर गारवा भराभर उतरतो. ध्रुवित काचांचा गॉगल असेल तर जरूर घ्या. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि काठाजवळचे मासे दिसू लागतात. मुलं एवढ्यावरच अर्धा तास रमतात.

६. पोचल्यावर आधी पाणी बघा

चटई अंथरायच्या आधी काठाने शंभर पावलं चाला. सूचना फलक वाचा. मग पाण्याचा रंग बघा.

हिरवं पाणी म्हणजे वाईट पाणी असं नाही. पण पृष्ठभागावर तेलरंगाचा डबा सांडल्यासारखा दाट हिरवा किंवा निळसर तवंग असेल तर सावध व्हा. त्याला लोक निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, असतात ते सायनोबॅक्टेरिया, आणि त्यांतले काही विष तयार करतात. ही नवी भानगड नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं पाणी पिऊन गुरं मरत असल्याचं ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं होतं, आणि वारा हा तवंग ढकलत एका काठाला नेऊन तिथे त्याचा हिरव्या रंगासारखा थर जमवतो हेही नोंदवलं होतं. म्हणजे पुन्हा तोच आपला वाऱ्याचा काठ. पलीकडे पाणी नितळ दिसलं म्हणून अलीकडेही ते ठीक असेल, असं समजू नये.

ओळखायची एक सोपी युक्ती: लांब काठी बुडवून वर उचला. केसांच्या बटेसारखे हिरवे धागे लोंबले तर बहुतेक साधं शेवाळ. काठीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर हात लावू नका, मुलांना पाय घालू देऊ नका. कुत्रा बरोबर असेल तर त्याला पट्ट्यावरच ठेवा. कुत्री ते पाणी पितात आणि मग अंग चाटतात, त्यामुळे त्यांना धोका जास्त. काठी तिथेच टाका आणि हात प्यायच्या पाण्याने धुवा.

७. पाण्याजवळ

इथे माझा सूर जरा कडक होईल, त्याला इलाज नाही.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो, ओरडणार कुठून? तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असलेले, आणि आवाज शून्य. पाण्याखाली जायला २० ते ६० सेकंद लागतात. तेवढ्यात तुमचा एक मेसेज टाइप करून होतो. म्हणून लहान मूल पाण्याजवळ असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे आणि त्याचा मोबाइल खिशात पाहिजे. चार-पाच मोठी माणसं असली तर धोका उलट वाढतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावा आणि तोंडाने सांगा: “आता माझी पाळी.”

पोहायची परवानगी असली तरी तळं म्हणजे तरणतलाव नव्हे. उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि खालचं पाणी गार, असे सरळ दोन भाग होतात. वरून हात घालून बघितलेलं पाणी पायांना वेगळंच लागतं. १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यात एकदम पडलं की छाती आवळते, धाप लागते आणि चांगला पोहणाराही नाकातोंडात पाणी घेतो. अशा वेळी हातपाय मारू नका. पाठीवर तरंगा, तोंड वर ठेवा, एक-दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. मग काठाकडे या. गढूळ पाण्यात सूर मारू नका, खाली दगड आहे की गाळ ते दिसत नाही.

दुसरं कुणी बुडताना दिसलं तर आधी ओरडून माणसं गोळा करा आणि जीवरक्षकाला बोलवा. मग काठी, ओढणी, दोर, रिकामी बंद बाटली, जे हाताला लागेल ते पुढे करा किंवा फेका. स्वतः उडी शेवटीही नको, शिकलेले नसाल तर.

बोटीत बसताना लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा. मग दुसऱ्याला खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत वर सरकलं तर सैल आहे, पाण्यात त्यातून माणूस खाली घसरतो. मोठ्याचं जॅकेट मुलाला ‘चालेल’ असं कुणी म्हणालं तर चालत नाही, लहान मापाचं मागा. ते नसेल तर बोट नको. भाचीचा राग परवडला.

पायाने मारायची बोट असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा. दम असताना अवघड काम उरकतं आणि परतताना वाराच तुम्हाला आणून सोडतो. बहुतेक जण वाऱ्याबरोबर झुळझुळ लांब जातात आणि मग वेळ संपत आली की पोटऱ्या भरून येईपर्यंत पायडल मारतात.

८. बदकांना पाव

घालू नका. पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो आणि वर सांगितलेल्या तवंगाला खतपाणी मिळतं. मुलांच्या हातात त्यापेक्षा दुर्बीण द्या. ‘८ × ४२’ लिहिलेली घेतली तर आठपट मोठं दिसतं आणि भिंगं ४२ मिलिमीटरची असल्याने सकाळच्या मंद उजेडातही चित्र काळं पडत नाही. स्थिर बसलात तर बगळा स्वतःहून जवळ येतो. पळत गेलात तर अख्खा काठ रिकामा होतो, मागून कॅमेरा लावून बसलेल्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्या.

९. ढग भरून आले तर

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. साधारण ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, पाण्यातून आणि काठावरून लगेच निघा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. चार खांबांवर छप्पर असलेल्या छत्रीतही नाही, ती पावसापुरती ठीक, विजेपासून वाचवत नाही. पक्की इमारत किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची मोटार चालेल. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं तिथेच काढा. ऊन पडलं म्हणून लोक पंधराव्या मिनिटाला बाहेर येतात, तुम्ही पत्त्यांचा आणखी एक डाव टाका.

१०. निघताना

मोठ्या उद्यानांत सगळी फाटकं एकाच वेळी बंद होत नाहीत, बाजूची लहान फाटकं आधी बंद होतात. आत शिरतानाच फाटकाच्या नावाचा आणि त्यावरच्या वेळेच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. सूर्यास्त पूर्वेच्या काठावर बघून गाडी पश्चिमेच्या फाटकाबाहेर असेल तर अर्धं तळं अंधारात चालायचं असतं. तेव्हा मोबाइलची बॅटरी निम्मी तरी शिल्लक हवी, दिवा लावायला. पोरांना मध्ये घ्या, पाण्याच्या बाजूने मोठ्यांनी चाला, आणि चटई झटकायची ती उजेड असतानाच झटका. अंधारात झटकलेल्या चटईतून गाडीची किल्ली उडून गवतात पडली, की ती शोधताना सूर्यास्त किती सुंदर होता ते कुणालाच आठवत नाही.